चार तेलांचं पाणी

व्हर्नाबाईंनी काचेचा पेला उन्हात धरला. पाण्यावर पातळ तवंग होता आणि त्यात निळा-जांभळा रंग हळूहळू फिरत होता.

"तुला काही दिसतंय का यात?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, दिसतंय.

"मला नाही दिसत," असं म्हणून त्यांनी ते पाणी घटाघटा पिऊन टाकलं आणि रिकामा पेला माझ्या हातात दिला. मी पाणी तपासायला आलेली सरकारी बाई. पिशवीत बाटल्या होत्या, लेबलं होती, नोंदवही होती. पण तपासायचं पाणी समोरचं माणूसच पिऊन बसलं तर काय करायचं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

ही १९८६च्या जूनमधली गोष्ट. कॅनडात सस्कॅचेवान नावाचा प्रांत आहे. त्याच्या उत्तरेला, जिथं शेतं संपून जंगल सुरू होतं, तिथं वेक्सली हे गाव. वस्ती चारशेच्या आसपास, एक चर्च, एक धान्याचं कोठार आणि गावाच्या मालकीचं नऊ होलचं गोल्फचं मैदान. गोल्फ म्हटलं की चाळीसगावात वाढलेल्या माझ्यासारखीच्या डोळ्यांसमोर टोपीवाले साहेब यायचे. इथं पेरणीतून सुटलेले शेतकरी मातीच्या बुटांनी खेळायला येत आणि त्यांच्या बायका त्यांना हरवत. माझा नवरा तेव्हा सस्कॅटूनच्या विद्यापीठात शिकत होता आणि मी घर चालवायला म्हणून ही नोकरी धरली होती. गावोगाव गाडी हाकायची, विहिरींचं पाणी बाटलीत भरायचं आणि प्रयोगशाळेत द्यायचं. पाण्याला तेलाचा वास येतो अशी कुणीतरी निनावी तक्रार केली होती, म्हणून मी वेक्सलीला आले होते.

इंग्रजीत सगळ्यांना एकच 'यू'. पण साठी ओलांडलेल्या त्या उंच, हडकुळ्या बाईला मी पहिल्या मिनिटापासून मनातल्या मनात अहो-जाहो करायला लागले. त्या मला अगं-तुगं करत असणार, हेही मी धरूनच चालले.

व्हर्ना लुंडग्रेन आणि त्यांचे यजमान आर्ने यांनी हे मैदान आपल्या हातांनी तयार केलं होतं. आर्ने अकरा वर्षांपूर्वी गेले. तेव्हापासून बाई एकट्या सगळं बघत होत्या. गवत कापणं, कुंपण, क्लबहाउस, सगळं. राहायच्याही तिथंच, क्लबहाउसच्या मागच्या दोन खोल्यांत. गावानं त्यांना दोनदा मदतनीस देऊ केला होता आणि दोन्ही वेळा त्यांनी त्याला फाटकातूनच परत पाठवलं होतं. मी त्यांच्या हातातली पाण्याची कॅन घ्यायला गेले तर म्हणाल्या, "हात आहेत मला." त्यांचा उजवा खांदा नीट वर होत नव्हता, हे मला त्या वेळीच दिसलं.

आणि आता हे मैदान जायची वेळ आली होती. ते त्यांनी मला पहिल्याच भेटीत सांगून टाकलं, आडपडदा न ठेवता. ग्रामसमितीला ती जागा धान्याच्या नव्या कोठारांसाठी द्यायची होती. कारण मिळत नव्हतं, ते आता मिळालं होतं. पाणी खराब निघालं की क्लबहाउस बंद, क्लबहाउस बंद की मैदान बंद.

मी विचारलं, मग तुम्ही कुठे जाणार?

"रेजायनाला, मुलीकडे," त्या म्हणाल्या. "अकराव्या मजल्यावर राहते ती. चार कुंड्या आहेत तिच्याकडे. त्यांना पाणी घालायचं काम मला देईल."

तेल कुठून येतं, याबद्दल गावात कुणालाच शंका नव्हती, मलाही नव्हती. होलभोवतालच्या गुळगुळीत जागेला ग्रीन म्हणतात आणि ती सगळीकडे बारीक गवताची असते. वेक्सलीला सहा-सहा महिने बर्फ. तसलं नाजूक गवत जगत नाही. म्हणून इथल्या जुन्या लोकांनी वाळूच्या ग्रीन केल्या. अंगणाएवढं गोल, त्यात बारीक वाळू, आणि ती वाऱ्यानं उडू नये म्हणून तिच्यात काळं, जाड तेल कालवलेलं. चेंडू त्या वाळूवर आला की दांड्याला बांधलेला गालिच्याचा तुकडा ओढून होलपर्यंत वाट सपाट करायची आणि मग खेळायचं. खेळून झालं की मधून सुरुवात करून गोल गोल बाहेर येत सगळी वाळू सारखी करायची. मागून येणाऱ्याला आपलं पाऊल दिसता कामा नये, असा तिथला रिवाज. नऊच्या नऊ ग्रीन नुकत्या सारवलेल्या अंगणासारख्या दिसत होत्या. मला उगीचच आईची आठवण आली आणि तिथं बूट घालून चालायला जीव होईना.

तर त्या वाळूतलं तेल झिरपून विहिरीत उतरलं असणार, असं सगळे म्हणत. बाई म्हणत, खाली पुरुषभर चिकणमाती आहे, आर्नेनं खणून बघितल्याशिवाय एक पाटी वाळू टाकली नाही.

विहीर एकच होती. चौथ्या होलजवळ, सखल भागात, झाडांच्या आड. क्लबहाउसमधून ती दिसत नसे. तिच्यावर लाकडी झाकण आणि एक जुना हापसा. खेळणारे निम्म्यात तिथं थांबून पाणी पीत आणि बाई तिथूनच कॅन भरून हातगाडीवर नेत. मी हापसा मारला तर तो असा किंचाळला की झाडावरचे कावळे उडाले. एक बाटली भरून घेतली आणि निघाले.

नऊ दिवसांनी प्रयोगशाळेतल्या लॉर्नचा फोन आला. हा माणूस सहसा हसत नसे. तो विचारत होता की, हे पाणी मी विहिरीतून आणलं की एखाद्या गॅरेजच्या गटारातून. बाटलीत तेल होतं आणि ते एक नव्हे, चार प्रकारचं. एक शिलाई मशीनमध्ये घालतात तसलं पातळ, एक बंदूक पुसायचं, एक सायकलच्या साखळीला लावतात ते.

"आणि चौथं?" मी विचारलं.

"चौथ्यात भजी तळता येतील," असं काहीसं लॉर्न म्हणाला. म्हणजे तो बटाट्याच्या कापांबद्दल बोलला, पण मला भजीच ऐकू आली. चौथं तेल कनोलाचं होतं. तिकडे मोहरीसारखी पिवळी शेतं असतात, त्या बियांचं स्वयंपाकाचं तेल. वाळूतल्या काळ्या तेलाचा मात्र त्या पाण्यात मागमूस नव्हता.

माझे साहेब म्हणाले, तेल ते तेल. सापडलं असं लिहा आणि फाईल मिटवा, गुरुवारी त्यांच्या समितीची बैठक आहे. माझ्या जागी शहाणी बाई असती तर तिनं तेच केलं असतं. पण मला लहानपणापासून नसत्या चौकशांची खोड. शेजारी पाहुणे आले तर कोण, कुठले, किती दिवस, हे मला कळल्याशिवाय घास उतरत नसे आणि आई त्यावरून मला धपाटे घालत असे. चार तेलं एका विहिरीत शिरतात कशी, हे कळेपर्यंत मला चैन पडणार नव्हतं. शनिवारी सुटी होती. नवऱ्याला डबा करून ठेवला आणि सव्वाशे मैल गाडी हाकत वेक्सलीला गेले.

बाईंना सांगितलं, गोल्फ शिकायला आले. त्यांनी माझ्याकडे वरून खालपर्यंत बघितलं. मग आतून एक जुनी पिशवी आणली, काठ्या दिल्या, माझी बोटं एकेक करून काठीवर बसवली आणि खेळायला जोडीदार म्हणून ओरेस्ट बोयकोंना हाक मारली. हे पोस्टातून निवृत्त झालेले, सत्तरीचे, गोल चेहऱ्याचे गृहस्थ. माझा पहिला चेंडू काठीला लागलाच नाही. दुसरा बोरांच्या झुडपात गेला. तिसऱ्याचं काय झालं ते आम्हा दोघांनाही कळलं नाही. ओरेस्ट दर वेळी टोपी काढून म्हणायचे, छान, आता पुढचा याहून छान. डास इतके होते की मी काठीपेक्षा हातच जास्त फिरवला.

चौथ्या होलनंतर आम्ही हापशाशी आलो. ओरेस्टनी मला पाणी हापसून दिलं. हापसा किंचाळला. ते बुटाकडे बघत म्हणाले, लेस सुटलीय, तू हो पुढे. मी पुढे झाले आणि झाडाआडून मागे बघितलं. लेस नीटच बांधलेली होती. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, पिशवीतून चोच असलेली छोटी डबी काढली आणि हापशाच्या दांडीशी, जिथून सळई आत जाते तिथं, टकटक करून तेल सोडलं. वारा माझ्या दिशेनं होता. तो वास मला लगेच ओळखू आला. आई ब्लाउज शिवायची, आमच्या घराला जन्मभर तो वास होता.

मी परत जाऊन समोर उभी राहिले, तेव्हा ते बिचारे चोरी पकडल्यासारखे लाल झाले.

"व्हर्नाला सांगू नकोस," ते म्हणाले. "तिचा खांदा गेलाय. दांडी जड झाली की तिला दाबवत नाही. माझ्या बायकोच्या मशीनचं तेल आहे, दर शनिवारी चार थेंब टाकतो. तीन वर्षं झाली."

"त्यांना सांगून का नाही टाकत?"

"तू तिला ओळखत नाहीस. कुणी कीव करतंय असं कळलं ना, तर त्याच दिवशी सामान बांधून रेजायनाला जाईल. शब्द दे मला."

मी शब्द दिला. मग त्यांना म्हटलं, आता मला दमायला झालंय, तुम्ही खेळा, मी इथं जरा टेकते. हातात पुस्तक घेऊन मी झाडांच्या मागे गवतात बसले. बसण्याआधी विहिरीचं झाकण सरकवून दोरीला बांधलेली बाटली मी थेट खाली सोडली होती आणि हापशात न शिरलेलं पाणी भरून घेतलं होतं.

त्या दुपारी मी जे बघितलं ते आठवून आजही मी एकटी असले तरी हसते. अर्ध्या तासानं एक धिप्पाड शेतकरी आला. पाणी प्यायला, जोडीदाराला पुढे पाठवलं, खिशातून बाटली काढली, हापशाला तेल घातलं, रुमालानं पुसलं आणि शीळ घालत गेला. त्याच्यामागून टिली फ्रीसेन नावाच्या ठेंगण्या बाई आल्या. त्यांनी काठ्यांच्या पिशवीतून चक्क स्वयंपाकघरातली बाटली काढली आणि हापशाला असं तेल घातलं की जणू फोडणीच करायची आहे. तीन तासांत पाच जण. दर वेळी आधी हापसा किंचाळायचा, मग इकडेतिकडे बघणं, मग तेल. आणि तेल घातल्यावरही तो किंचाळायचा थांबत नव्हता, कारण दुखणं वर नव्हतंच. आतला चामड्याचा वायसर झिजलेला होता आणि सळई नळीला घासत होती. चाळीसगावात आमच्या गल्लीतल्या हापशाचंही दर उन्हाळ्यात हेच व्हायचं. वायसर बदलायला कुणाला बोलावणं बाईंच्या स्वभावात नव्हतं आणि ज्यांना तेल घालता येत होतं त्यांना वाटत होतं की घालणारे आपण एकटेच. सगळं तेल सळईवरून खाली उतरत होतं आणि पाण्याबरोबर पेल्यात येत होतं.

तेलावरच भागलं असतं तर ठीक. मी बसले होते तिथून कुंपणाचा कोपरा दिसत होता. एकानं जाता जाता तिथं तारेचा खिळा ठोकला. टिलीबाईंनी चौथ्या ग्रीनवर, खेळून झाल्यावर, कडेची सगळी ढासळलेली वाळू हातानं आत ओढली. दुसऱ्या कुणीतरी गोफरनं उकरलेलं बीळ बुजवलं. हे उंदराएवढे प्राणी तिथं रात्रंदिवस बिळं करत असतात. अकरा वर्षं व्हर्नाबाई एकट्या मैदान सांभाळत होत्या, असं सगळं गाव सांगत होतं आणि सगळं गाव एकमेकांपासून चोरून त्यांचं काम करत होतं.

मला हसू आलं आणि मग काळजी वाटायला लागली. मला जे कळलं होतं त्यानं मैदान वाचणार होतं. पण तेच बाईंना कळलं तर त्या तिथं राहणार नव्हत्या. आणि मैदान वाचायचं होतं ते त्यांच्यासाठीच.

गुरुवारची बैठक संध्याकाळी सातला होती. तिकडे जूनमध्ये दहापर्यंत ऊन असतं, त्यामुळे चर्चच्या तळघरातल्या सभागृहात खिडक्यांतून लख्ख उजेड येत होता. साठ-सत्तर माणसं होती. समितीचे अध्यक्ष डेल रँकिन म्हणजे गावचे बियाणं विकणारे, सभ्य, घाम पुसत बोलणारे. व्हर्नाबाई पहिल्या रांगेत, इस्त्रीच्या ब्लाउजमध्ये, हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या.

मी अहवाल वाचला. वाळूतलं तेल पाण्यात नाही. विहिरीतून थेट काढलेलं पाणी स्वच्छ आहे, दुसऱ्या बाटलीचा निकाल त्याच सकाळी आला होता. तेल हापशातून येतं. हापसा दुरुस्त केला की विहीर चालू ठेवायला आमच्या कार्यालयाची हरकत नाही. मी खाली बसले आणि वाटलं, सुटले.

डेल रँकिन यांनी कागद पुन्हा वाचला. मग त्यांनी अगदी मऊ आवाजात विचारलं की, चार प्रकारची तेलं पिण्याच्या पाण्याच्या हापशात कोण ओततं. हापसा व्हर्नाच्या ताब्यात आहे. तिचं वय झालं, तिला आता भान राहत नसेल, तर तिच्याच भल्यासाठी हे थांबवायला हवं. लोक बाकांवर चुळबुळले.

व्हर्नाबाई उभ्या राहिल्या. "मी त्या हापशात एक थेंब तेल घातलेलं नाही," त्या म्हणाल्या. "कधीच नाही."

"मग कुणी घातलं, व्हर्ना?"

पहिल्यांदाच त्यांचा चेहरा मला गोंधळलेला दिसला. स्वतःच्या डोक्याबद्दलच त्यांना शंका यायला लागली होती, हे मला दिसलं आणि फार वाईट वाटलं. डेल माझ्याकडे वळले. मला ठाऊक आहे का, असं त्यांनी विचारलं.

"ठाऊक आहे," मी म्हटलं, "पण मी शब्द दिलाय. ज्यांनी घातलं त्यांनीच सांगावं."

मी ओरेस्ट यांच्याकडे बघितलं नाही. बघायची गरज नव्हती. माझ्या मागे बाक सरकल्याचा आवाज आला.

"मी घातलं," ते म्हणाले. "शिलाई मशीनचं. दर शनिवारी. व्हर्ना, तू काय म्हणायचं ते म्हण, पण भान सुटलं असेल तर माझं."

मग टिलीबाईंनी हात वर केला. त्या म्हणाल्या, मी घातलं ते खायचं होतं, म्हटलं कुणाच्या पोटात गेलंच तर अपाय नको. तो धिप्पाड शेतकरी उठला आणि ओरेस्ट यांच्याकडे बघून म्हणाला, तू पण? मग हात वर व्हायला लागले. आधी तेलवाले, मग बाकीचे. कुंपणवाला, बिळंवाला, क्लबहाउसच्या छपराचे पत्रे बसवणारा. जो तो शेजाऱ्याकडे थक्क होऊन बघत होता, कारण प्रत्येकाला वाटत होतं की गुपित आपलं एकट्याचं आहे. शेवटी डेल यांच्या पत्नी बाकावरून म्हणाल्या, "डेल, तूही सांगून टाक." अध्यक्षांनी घाम पुसला. दर वसंतात बर्फ वितळला की तिसऱ्या ग्रीनवरची वाहून गेलेली वाळू ते आपल्या गाडीतून आणून टाकत होते. सहा वर्षं. मैदान विकायला निघालेला माणूस त्याच मैदानावर वाळू टाकत होता, आणि यात काही विसंगत आहे असं त्यांना तोपर्यंत वाटलेलं नव्हतं.

ठराव बारगळला. हापसा दुरुस्त करायचा, महिन्यानं मी पुन्हा पाणी तपासायचं, मैदान राहायचं. लोक हसत होते, एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होते. आणि त्या गलक्यात व्हर्नाबाई उठून, कुणाकडेही न बघता, पायऱ्या चढून बाहेर गेल्या. ओरेस्ट यांचा चेहरा उतरला. ते म्हणाले, गेली, आता ती थांबायची नाही.

मी धावत बाहेर गेले. बाई त्यांच्या जुन्या गाडीत बसल्या होत्या, इंजिन बंद, दोन्ही हात चाकावर. मी दुसऱ्या बाजूचं दार उघडून आत बसले. मला माफी मागायची होती, पण कशाची ते नीट सांगता येईना. मी म्हटलं, त्यांनी कीव म्हणून नाही केलं, त्यांना तुम्ही हव्या आहात म्हणून केलं.

"ते माहीत आहे मला."

"मग रागावलात का?"

त्या समोरच्या काचेतून बघत म्हणाल्या, "सकाळी उठून बघायचे तर कुंपणाची तुटलेली तार जोडलेली. वाळू परत जागेवर. आर्ने असाच होता. न सांगता करायचा आणि विचारलं तर म्हणायचा, आधीपासून तसंच होतं."

मी गाडीचं दार लावून घेतलं.

"मी वेडी नाही," त्या म्हणाल्या. "मेलेली माणसं खिळे ठोकत नाहीत. कुणीतरी गावातलंच असणार, हे मलाही कळत होतं. पण मी कधी खिडकीतून बघितलं नाही. पावलं दिसली तर आधी ती पुसून टाकायचे. माणूस ठेवून घेतला असता तर मला रोज तोंडावर कळलं असतं की हा करतो. म्हणून नको म्हटलं. अकरा वर्षं मी शोधलं नाही, आणि तू एका दुपारी शोधून काढलंस."

त्या रडल्या नाहीत. मीच रडले. त्यांनी गाडीच्या खणातून एक रुमाल काढून मला दिला आणि म्हणाल्या की तुझं काही चुकलं नाही, तुझं कामच ते आहे, आता उतर, मला घरी जायचंय. परतीच्या सव्वाशे मैलांत मी पहिल्यांदा आईचे धपाटे बरोबर होते असं मनापासून कबूल केलं.

महिनाभर मला वाटत होतं की त्या गेल्या असतील. कुणाला फोन करून विचारायची छाती झाली नाही. जुलैच्या शेवटी बाटल्या घेऊन गेले तर फाटक उघडं होतं आणि बाई गवत कापायच्या यंत्रावर बसल्या होत्या. त्यांनी हात केला, थांबल्या नाहीत. चौथ्या होलजवळ ओरेस्ट आणि तो धिप्पाड शेतकरी हापसा खोलून नवा वायसर बसवून गेले होते. दांडी आता एका बोटानं खाली जात होती. पाणी निव्वळ पाणी होतं.

क्लबहाउसच्या दारावर एक कागद डकवलेला होता. व्हर्नाबाईंचं उभट, ठसठशीत अक्षर. डावीकडे कामं, उजवीकडे नावं. कुंपण, उत्तरेची बाजू: ओरेस्ट बोयको. चौथी ग्रीन: टिली फ्रीसेन. तिसऱ्या ग्रीनची वाळू: डेल रँकिन. असं खालपर्यंत. गावातलं जवळजवळ प्रत्येक घर त्यात आलं होतं. कुणी कुरकुर केली नाही म्हणे, उलट नाव खालच्या ओळीत आलं म्हणून दोघं-तिघं रुसले होते.

मी वाचत असताना बाई मागे येऊन उभ्या राहिल्या. सगळ्यात शेवटची ओळ होती, नवव्या होलचं निशाण: धुणं, शिवणं, नवं लावणं. तिच्यापुढे नाव नव्हतं.

मला वाटलं, राहून गेलं असेल. मी खिशातलं पेन काढलं आणि म्हटलं, इथं कुणाचं नाव घालायचं, मी लिहू का?

"राहू दे ते तसंच," त्या म्हणाल्या. "आणि कोण करतं ते बघत बसू नकोस."

मी पेन परत ठेवलं. त्यानंतर सात वर्षं मी दर जूनमध्ये त्या विहिरीचं पाणी तपासायला जात होते. नवव्या होलचं निशाण दर वेळी स्वच्छ धुतलेलं असायचं आणि कडा नव्यानं शिवलेल्या असायच्या. ते कोण करतं हे मला एका दुपारी कळलं असतं. मी कधी शोधलं नाही.